घर साडेचार स्टार, रस्ता दीड स्टार : कुपवाडच्या अंगाच्या एका रो-हाऊस स्कीमचा दोन वर्षांनंतरचा रिव्ह्यू

स्कीमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एकतर बिल्डर पाहुण्यातला निघाला (सांगलीत कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही), आणि दुसरं म्हणजे नाव लिहिलं की लोक म्हणणार फक्त हीच स्कीम तसली. तसं नाहीय ओ. विश्रामबाग ओलांडून कुपवाडच्या अंगाला जावा, कुठल्याही नव्या कमानीतनं आत शिरा, थोड्याफार फरकानं हेच बघायला मिळेल. आम्ही राहायला येऊन दोन वर्षं होऊन गेली, घराचं नवंपण उतरलं आणि बिल्डरवरचा रागही उतरला, त्यामुळं जे लिहितोय ते डोकं थंड ठेवून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. बांधकामाला नाव ठेवायला जागा नाही. दोन पावसाळे गेले, स्लॅबला ओल नाही, भिंतीला तडा नाही, ओटा बायकोनं सांगितला त्या उंचीला बसवून दिला, जिन्याच्या पायऱ्या आईला चढता येतील अशा बुटक्या केल्या. बोअरचं पाणी जड आहे, बादलीला पांढरा थर चढतो, पण ते या भागात सगळीकडंच. २४ घरं, मधनं नऊ मीटरचा रस्ता, पेव्हिंग ब्लॉक, ओपन स्पेसमध्ये घसरगुंडी आणि दोन झोपाळे, कमानीला वॉचमन. संध्याकाळी पोरं रस्त्यातच क्रिकेट खेळतात आणि गाडी येत नाही म्हणून कुणी ओरडत नाही. हे सुख आहे, नाकारत नाही.

आम्ही मूळचे गावभागातले, म्हणजे नदीकडच्या जुन्या सांगलीतले. २००५ ला पुराचं पाणी आलं तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यानंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी तिथं ४५ फूट धरतात म्हणजे बघा, आमच्या खालच्या खोलीत कपाटं तरंगत होती. २०२१ ला परत. तेव्हा आईच म्हणाली, बास झालं, उंचावर घर बघ. म्हणून इकडं आलो, आणि घर घेताना आम्ही एकच प्रश्न विचारत हिंडलो, पाणी येतं का पाणी येतं का. बाहेर कसं पडायचं हे विचारायचं डोक्यातच आलं नाही.

आता मुद्द्यावर येतो.

ब्रोशरात लिहिलेलं, 'शाळा ३०० मीटर'. खोटं नव्हतं हो. गच्चीत उभारलं की शाळेचं ग्राउंड दिसतं, सकाळची प्रार्थना ऐकू येते, मधल्या सुट्टीत कोण कुणाला ढकलतंय तेवढं फक्त दिसायचं राहतं. पण मधे आमची कंपाउंडची भिंत आहे, सात फुटी, वर काचा रोवलेल्या. भिंतीपलीकडं गुंठेवारीतली, म्हणजे लेआउट न पाडता गुंठ्यागुंठ्यानं वाढलेली जुनी कॉलनी, तिची एक गल्ली सरळ आमच्या भिंतीला येऊन थडकते, आणि त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकाला शाळा. पहिल्याच आठवड्यात मी मोबाईलवर मोजलं. सरळ रेषेत २८० मीटर. रस्त्यानं २.३ किलोमीटर. कमानीतनं बाहेर पडा, मग शेताकडेचा पट्टा, जो डांबरीही नाही आणि पाणंदही नाही, मग मोठा रस्ता, जायचंय उजवीकडं पण दुभाजक आहे म्हणून आधी डावीकडं, पुढं यू-टर्न, मग परत आपल्याच कमानीच्या समोरनं पलीकडच्या बाजूनं जायचं (रोज तो वॉचमन हात करतो, मला त्याचं हसू दिसतं), पुढचा चौक, आत वळायचं, गुंठेवारीतनं फिरून शाळा.

पोरीला सोडायला जाणं-येणं आणि आणायला जाणं-येणं धरून दिवसाला ९.२ किलोमीटर. शाळेचे २२० दिवस धरा, दोन हजार किलोमीटरच्या वर होतात. स्कूटर पंचेचाळीसचं ॲव्हरेज देते, म्हणजे ४५ लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल शंभराच्या वर गेलंय, तेव्हा वर्षाला पावणेपाच हजार रुपये मी भिंतीला वळसा घालायला जाळतो. पेट्रोलचं एक वेळ जाऊ द्या, पोरगी चौथीत आहे. तिच्या वयात मी गावभागातनं एकटा शाळेत जायचो, एका बोळातनं शिरून दुसऱ्यातनं निघायचो, वाटेत चार घरी हाका मारत. हिला एकटीला सोडायचं म्हणलं तर हायवेसारख्या रस्त्यावर यू-टर्न मारत जाणारे टेम्पो. नाही सोडत.

बोळ हा शब्द तिला माहीतच नव्हता. आजीनं सांगितला तेव्हा म्हणाली, म्हणजे शॉर्टकट का? आई म्हणाली, शॉर्टकट कसला बाई, तोच रस्ता. बरोबर आहे तिचं. गावभागात, खणभागात बोळ म्हणजे काही सोय म्हणून मागनं ठेवलेली गोष्ट नव्हती, बैलगाडी पेठेतनं जायची आणि माणूस बोळातनं. सातारला माझी बहीण दिलीय, तिकडं राजवाड्यापासनं पोवई नाक्यापर्यंत वरचा रस्ता आणि खालचा रस्ता असे दोन समांतर, आणि मधे उतरत्या गल्ल्या. वरच्या रस्त्याला गर्दी असली की माणूस गल्लीतनं खाली सटकतो. डोंगराच्या उतारावर वसलेल्या गावाला हे जमलं, आणि आम्हाला सपाट काळ्या रानात जमलं नाही.

का जमलं नाही हे मला आमच्या मागच्या घरातल्या अण्णांनी समजावलं. अण्णा मोजणी खात्यातनं रिटायर. गच्चीत बसून त्यांनी उसाचं कांडं हातात घेतलं आणि सांगितलं की, बाळ, ही कॉलनी नव्हं, हा वाटणीचा पट्टा हाय. म्हणजे काय, तर मूळ रान एकाचं, दहाबारा एकर. आज्याच्या वेळी दोन भाग, बापाच्या वेळी पाच. विहिरीवर आणि वाटेवर सगळ्यांचा हक्क राहावा म्हणून वाटणी नेहमी उभी पाडायची, लांबच लांब चिंचोळे पट्टे. आता त्यातला एक भाऊ एक पट्टा बिल्डरला देतो. बिल्डर काय करणार, मधनं एक रस्ता काढतो, दोन्ही अंगाला प्लॉट पाडतो, पट्टा संपला की रस्ता संपला. पाच वर्षांनी शेजारचा भाऊ देतो. तिथंही तेच. प्रत्येक पट्ट्याला एकच तोंड, सगळी तोंडं एकाच मोठ्या रस्त्यावर. आडवा रस्ता कुणीच काढत नाही, कारण आडवा काढायचा तर दोन भावांनी एका टेबलावर बसायला पाहिजे आणि त्यांची बांधावरनं केस चालू असते. 'बांध गेला, पर बांधाचा भांडान ऱ्हायला बघ,' असं म्हणून अण्णांनी कांडं सोलायला घेतलं.

खरंच आहे. आमच्या भिंतीचा पाया सरळ त्या जुन्या बांधावर आहे. पलीकडची गल्ली आणि आमचा रस्ता पूर्ण एकमेकांसमोर पण येत नाहीत, पाचसहा फुटानं सरकलेत, कारण दोघांनी आपापल्या बांधावरनं मोजलं.

यावर उपाय नाही असं नाही. टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम म्हणून प्रकार आहे, त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९१५ ला आलेला आणि आजच्या १९६६ च्या नगररचना कायद्यातही तो आहे. सगळ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, आधी रस्ते आखायचे, मग उरलेली जमीन ज्याची त्याला चौकोनी करून परत द्यायची. गुजरातमध्ये असे भागच्या भाग झालेत. आपल्याकडं डीपीत, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, रस्त्याची रेघ असते, आणि रेघ म्हणजे रस्ता नव्हे. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून १९९८ ला महापालिका झाली तेव्हा तीन गावांच्या मधे रान होतं, ते रान आता भरत आलंय, आणि कसं भरलंय तर पट्ट्यापट्ट्यानं.

मला वाटायचं हे फक्त आपल्याकडचं येडेपण. नेटवर वाचत बसलो तर कळलं जगभर हेच चाललंय. २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या जर्नलमध्ये बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोघांचा पेपर आलाय, त्यांनी ओपन-स्ट्रीट-मॅपवरचे जगातले रस्ते घेतले आणि मोजलं की एका चौकात किती रस्ते मिळतात, किती रस्ते पुढं बंद होतात, सरळ अंतराच्या मानानं रस्त्यानं किती वळसा पडतो. १९७५ पासनं पुढं जे नवीन रस्ते झाले ते एकंदरीत जास्त जास्त तुटक होत गेलेत, आणि कमान लावलेल्या कॉलन्या हे त्यातलं एक कारण. बोलिव्हिया, पेरू, अर्जेंटिनात मात्र अजून बुद्धिबळाच्या पटासारखे रस्ते काढतात. जर्मनी, डेन्मार्क, ब्रिटनमध्ये गाडीला रस्ता बंद असला तरी पायी आणि सायकलला वाट ठेवतात, म्हणजे आपला बोळच की! आणि गंमत म्हणजे ज्या अमेरिकेकडं बघून आपण हे बंद गल्लीचं खूळ उचललं त्या अमेरिकेत ते १९९० च्या दशकाच्या मध्यात टोकाला गेलं आणि नंतर कमी व्हायला लागलं, असं त्याच दोघांच्या २०१५ च्या पेपरात आहे. मला त्यातलं एकच पटकन पटलं. घर पाडून दुसरं बांधता येतं, रस्ता एकदा पडला की पडला, शे-दोनशे वर्षं माणसं त्याच वळणानं जातात.

आमच्या वळशाचं माप माझ्याकडं आहेच. २.३ भागिले ०.२८, म्हणजे आठपट.

आता बाकीच्या गमती. घंटागाडी आत येते, पण शेवटाला वळायला जागा नाही म्हणून पूर्ण रस्ता रिव्हर्स जाते, तो टी-टी-टी आवाज रोज सकाळी २४ घरांचा अलार्म आहे. गॅसवाला कमानीतनंच फोन करतो. पार्सलवाल्या पोरांना मॅप पलीकडच्या गल्लीत नेऊन सोडतो, ते भिंतीपलीकडनं ओरडतात, सर तुमचं घर दिसतंय पण येऊ कसं. मी दोनदा पार्सल भिंतीवरनं झेललंय, एकदा मिक्सरचं भांडं होतं, झेललं नीट.

पण गेल्या पावसाळ्यातलं हसण्यासारखं नाही. कमानीच्या बाहेर पाइपलाइनसाठी चर खणला, सांगितलं एका दिवसात बुजवतो, चार दिवस उघडा राहिला, वरनं पाऊस. आपल्याकडची काळी माती, भिजली की पाय आत ओढून घेते, चप्पल सोडूनच यावं लागतं. २४ घरांच्या गाड्या आत अडकल्या, कारण बाहेर पडायला तेवढं एकच तोंड. तिसऱ्या रात्री शेजारच्या काकांच्या छातीत दुखायला लागलं. ॲम्ब्युलन्स चराच्या पलीकडं उभी, आम्ही चौघांनी वॉचमनच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून फळीवरनं त्यांना नेलं, टॉर्च तोंडात धरून. ते बरे आहेत आता, गॅसचा त्रास निघाला. पण त्या रात्री फळीवर माझा पाय घसरला तेव्हा भिंतीपलीकडं गुंठेवारीच्या गल्लीत ट्यूबलाइट जळत होती, कोरडा काँक्रीटचा रस्ता, हातभर अंतरावर. ते डोक्यातनं जात नाही.

गुंठेवारीबद्दल दोन शब्द बोलतोच, कारण आमच्याकडं ती कॉलनी म्हणलं की नाकं मुरडतात. एक गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, एक-एक दोन-दोन गुंठे स्टॅम्पपेपरवर घेऊन गरजू लोकांनी घरं बांधली, एनए (बिगरशेती परवानगी) नाही, लेआउट नाही. सांगलीत असल्या वस्त्या इतक्या झाल्या की लोकांनी आंदोलनं केली, २००१ ला राज्याचा नियमितीकरणाचा कायदा आला. गटारी उघड्या आहेत, गल्ल्या पंधरा फुटी, समोरनं छोटा हत्ती आला तर बाइक दारात चढवावी लागते. सगळं मान्य. पण चालत जायचं असेल तर त्या कॉलनीतनं चार बाजूला बाहेर पडता येतं. आत किराणा आहे, गिरणी आहे, शिंपी आहे, दवाखाना आहे, सकाळी भडंगवाला सायकलवर येतो. नकाशा पास करून घेतलेल्या आमच्या स्कीममध्ये काडेपेटी मिळत नाही.

आणि हो, नकाशा. माहितीच्या अधिकाराची वगैरे गरज पडली नाही, मंजूर लेआउटची झेरॉक्स आमच्या खरेदीच्या फायलीतच होती, मीच उघडून बघितली नव्हती. त्यात आमचा रस्ता हद्दीपर्यंत जातो आणि तिथं भिडून थांबतो. भिंत नाहीच दाखवलेली. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, दाजी, भिंत नसती तर गेटेड म्हणून विकता आलं असतं का? तुम्ही तरी घेतलं असतं का? मी गप्प बसलो. नसतं घेतलं बहुतेक.

मग मी सोसायटीच्या मीटिंगला विषय काढला की भिंतीत चार फुटाचं पायी जायचं गेट काढू, दोन्ही रस्ते सरकलेले असले तरी जिथं समोरासमोर येतात तेवढ्या जागेत. फॅब्रिकेशनवाल्याचं कोटेशन आणलेलं, १४ हजार, कुलपासकट. घराला सहाशे रुपये पण नाहीत. दीड तास चर्चा. एकानं चोऱ्यांचा मुद्दा काढला, आणि तो अगदीच फालतू नाही, त्यांच्या जुन्या घरी खरंच चोरी झालेली, वहिनी अजून रात्री दोनदा कडी बघतात. मी म्हणलं रात्री दहा ते सकाळी सहा कुलूप लावू. दुसरे म्हणाले, 'तिकडची' पोरं खेळायला येतील. मी म्हणलं येऊ देत की, आपल्याला क्रिकेटला अकरा जण भरत नाहीत. हे बोलायला नको होतं. तिसऱ्यांचं म्हणणं रेट पडेल. कुणी विचारलं नाही की ज्या कामवाल्या बायका रोज पलीकडनं आपल्याकडं येतात त्या दोन किलोमीटर चालत येतात त्याचं काय. मी पण नाही विचारलं, घरी आल्यावर सुचलं. मतं झाली, ९ विरुद्ध १३, दोन घरं गावाला. गेटचा विषय पडला.

तर कुणी घर बघत असाल तर माझं ऐका, सॅम्पल फ्लॅटच्या टाइल्स नंतर बघा. आधी मंजूर लेआउट मागा आणि रस्त्याची रेघ बोटानं धरून शेवटपर्यंत जावा, ती शेजारच्या गटाकडं उघडी राहते की प्लॉटला धडकून मरते ते बघा. मग सकाळी साडेआठला, रविवारी नव्हे, स्वतः चालत शाळेला आणि दूध-भाजीला जाऊन या, गाडी न घेता. 'डीपी रोड येणार आहे' असं सांगितलं तर विचारा जमीन ताब्यात आलीय का. आणि पाऊस पडून गेल्यावर एकदा कमानीच्या बाहेर उभं राहून विचार करा, हे तोंड बंद झालं तर मी कुठनं जाणार.

परवाची गोष्ट लिहितो आणि थांबतो. गिरणी भिंतीला लागूनच आहे, पलीकडच्या गल्लीतलं शेवटचं घर, आक्का चालवतात. दिवाळीच्या आधी आईला चकलीची भाजणी दळायची होती आणि मला वेळ नव्हता, म्हणजे खरं सांगायचं तर वळसा घालायचा कंटाळा आलेला. आईनं काय केलं, भिंतीपाशी जाऊन हाक मारली. आक्कांनी त्यांच्याकडनं दोन सिमेंटचे ब्लॉक रचले, आईनं आमच्याकडनं स्टूल लावलं, काचांवर पोतं टाकलं आणि डबा पलीकडं. अर्ध्या तासानं पीठ परत आलं, डबा हाताला गरम लागत होता. दुसऱ्या दिवशी बघतो तर, त्या मीटिंगमध्ये विरोधात हात वर केलेल्या दोन घरांतल्या वहिनी डबे घेऊन स्टुलापाशी उभ्या होत्या. पोतं अजून तिथंच आहे, कुणी काढलेलं नाही.

घराला साडेचार, रस्त्याला दीड, सरासरी तीन स्टार देतोय. पुढची मीटिंग जानेवारीत आहे, गेट बसलं तर येऊन एक स्टार वाढवतो.